सॉफ्टवेअर स्टार्टअपला सुरुवातीचे पैसे कुठनं आणायचे, आणि कुठले पैसे कधी घ्यायचे

महिन्यातनं एकदा तरी कोणीतरी ओळखीचं मला गाठतंच. कधी ठाणे स्टेशनला वाशी लोकलची वाट बघताना, कधी कुणाच्या साखरपुड्यात, आणि प्रश्न ठरलेला, ताई आमचं ॲप होत आलंय, फंडिंग कसं मिळवायचं? मी आधी विचारते किती हवेत आणि कशाला. किती याचं उत्तर पटकन येतं, पन्नास लाख, एक कोटी. कशाला याच्यावर गाडी अडते. म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढूया, कारण पैसे उभे करायच्या वाटा खूप आहेत पण प्रत्येक पैशाला स्वतःची अट असते आणि चुकीच्या वेळी चुकीचा पैसा कंपनीत आला की तो निस्तरण्यात सहा महिने जातात.

आमची कंपनी छोटी, वागळे इस्टेटमध्ये, प्रायव्हेट लिमिटेड, मी आणि माझा पार्टनर दोघं डायरेक्टर. जॉबवर्क करणाऱ्या कारखान्यांसाठी चलनाचं (मालासोबत जाणाऱ्या पावतीचं) सॉफ्टवेअर बनवतो. म्हणजे एका कारखान्याने माल पावडर कोटिंगला किंवा मशीनिंगला दुसऱ्याकडे पाठवला तर किती नग गेले, किती परत आले, किती रिजेक्ट झाले, त्याचा हिशोब. खाली जे लिहिलंय ते या सगळ्यातनं जाताना शिकलेलं आहे.

आधी आकडा काढा

एक कागद घ्या आणि महिन्याचा खर्च लिहा, अगदी किराणा सामानाच्या यादीसारखा. आमचा पहिला कागद असा होता: दोन डेव्हलपर ४५ हजार प्रत्येकी म्हणजे ९० हजार, आम्हा दोघांना घर चालवायला २५ हजार प्रत्येकी म्हणजे ५०, बसायच्या चार सीट ६ हजारांप्रमाणे २४, सर्व्हर आणि एसएमएस वगैरे १०, सीए आणि कंपनीचं फाइलिंग ६. बेरीज १ लाख ८० हजार. बारा महिन्यांचे २१ लाख ६० हजार, दीड वर्षाचे ३२ लाख ४० हजार. यात वरचा खर्च निघतोच, लॅपटॉप बंद पडतो, कोणी सोडून जातं आणि नवीन माणूस जास्त पगारावर घ्यावा लागतो, म्हणून वीस टक्के वर धरा. मग यातनं गिऱ्हाईकाकडून नक्की येणारे पैसे वजा करा. उरला तो तुमचा आकडा, आणि तो जवळजवळ नेहमी मनातल्या एक कोटीपेक्षा कमी असतो.

स्वतःच्या घरखर्चाची ओळ शून्य ठेवू नका. मी पहिले चार महिने शून्य ठेवली होती आणि पाचव्या महिन्यात घरचा हप्ता भरायला कंपनीच्या खात्यातनं पैसे उचलावे लागले, ते हिशोबात कसे दाखवायचे यावरनं सीएंची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

पहिला पैसा गिऱ्हाईकाचा

यावर मी जास्त लिहिणारे कारण हा मार्ग सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात कमी लोक तो धरतात. यात शेअर द्यावा लागत नाही, व्याज नाही, आणि नंतर इन्व्हेस्टरसमोर बसाल तेव्हा पैसे दिलेलं एक गिऱ्हाईक हे पन्नास स्लाइडच्या डेकपेक्षा जास्त बोलतं. झेरोधा २०१० पासून आणि झोहो त्याच्याही कितीतरी आधीपासून बाहेरची इक्विटी, म्हणजे शेअर विकून आलेले पैसे, न घेता वाढल्या, म्हणजे हा काही फक्त छोट्यांचा नाइलाजाचा रस्ता नाहीये.

आमचं पहिलं गिऱ्हाईक रबाळे एमआयडीसीतलं, पावडर कोटिंगचं युनिट. मी तिथे तीन दिवस नुसती सुपरवायझरच्या टेबलाशेजारी बसून होते. त्यांचं चलनबुक, वरची पांढरी प्रत, खाली गुलाबी, मधला कार्बन इतका वापरलेला की तिसऱ्या प्रतीवर नगांचा आकडा ८ आहे की ३ हे कळायचं नाही. आणि भांडणं सगळी तिथेच, पाठवणारा म्हणतो तीनशे ऐंशी दिले, हे म्हणतात तीनशे तीसच आले. वर जीएसटीचा नियम असा की जॉबवर्कला गेलेला माल एका वर्षात परत यायला हवा, नाहीतर तो पाठवला त्या दिवशी विकला असं धरतात, त्यामुळे पाठवणाऱ्याच्या ऑफिसमधनं मार्चमध्ये रोज फोन. चौथ्या दिवशी मी शेठना म्हटलं, काका, एवढंच एक करून देते, दोन महिन्यांत, ४० हजार घेईन, अर्धे आधी. त्यांनी ड्रॉवरमधनं चेकबुक काढलं आणि २० हजारांचा चेक लिहिला. तेव्हा आमच्याकडे दोन स्क्रीन तयार होत्या.

तर कृती अशी. प्रॉडक्ट पूर्ण व्हायची वाट बघू नका, एक त्रास निवडा, तो ज्याला होतो त्याच्याकडे जा आणि पेड पायलट, म्हणजे पैसे घेऊन केलेला छोटा प्रयोग, मागा. फुकट पायलट देऊ नका, फुकटवाला वापरत नाही आणि वापरलं तरी फीडबॅक देत नाही. रक्कम लहान असली तरी चालेल पण अर्धी आधी घ्या. करारात एक ओळ हवीच की सोर्स कोडची मालकी तुमच्याकडे राहील आणि गिऱ्हाईकाला फक्त वापरायचा हक्क, नाहीतर पुढे इन्व्हेस्टरचा वकील पहिला तोच कागद उचलतो.

पैसे वेळेत यायला दोन गोष्टी करा. उद्यम रजिस्ट्रेशन (छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंदणी) करून घ्या, सरकारी पोर्टलवर फुकट होतं, कोणी हजार दोन हजार मागत असेल तर देऊ नका. मायक्रो किंवा स्मॉल म्हणून उद्यम नंबर असला की २००६ च्या एमएसएमई कायद्याने गिऱ्हाईकाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय मुदतीत दिलं नाही तर त्यांना तो खर्च त्या वर्षी इन्कम टॅक्समध्ये धरता येत नाही, त्यामुळे मार्च जवळ आला की मोठ्या कंपन्यांचे अकाउंटवाले स्वतःहून फोन करतात. उद्यम नंबर बिलावर छापा, ठळक. दुसरं, गिऱ्हाईक मोठी कंपनी असेल आणि ट्रेड्सवर, म्हणजे बिलावर आगाऊ पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेवर, असेल (आरएक्सआयएल, एमवनएक्सचेंज, इन्व्हॉइसमार्ट हे त्यातले प्लॅटफॉर्म) तर तुमचं मंजूर झालेलं बिल तिथे टाकून थोडं व्याज कापून लगेच पैसे मिळतात, आणि त्या कंपनीने पुढे पैसे थकवले तरी फायनान्सर तुमच्या मागे लागत नाही.

टीडीएसचं मात्र लक्षात असू द्या. बिलातनं कापलेले पैसे रिटर्न भरल्यानंतर परत येतात, हातात नसतात. आणि गोळा केलेला जीएसटी आपला नव्हेच, तो वेगळ्या खात्यात टाकायची सवय पहिल्या बिलापासून लावा.

घरचे आणि मित्रांचे पैसे

आपल्याकडे हे हातउसने म्हणून होतं, प्रेमाने होतं, आणि घोळ इथेच होतो. माझ्या मामाने ५ लाख दिले. सरळ कंपनीच्या खात्यात एनईएफटी, रिमार्कमध्ये लोन. मला वाटलं मामाच तर आहे. तीन आठवड्यांनी सीएंनी स्टेटमेंट बघितलं आणि मला समोर बसवून विचारलं, हे कोण? मी म्हटलं आईचा सख्खा भाऊ. ते म्हणाले कंपनी कायद्यात मामा नातेवाईक नाही.

हे खरंच असं आहे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला डायरेक्टरकडून कर्ज घेता येतं, डायरेक्टरच्या नातेवाईकाकडूनही घेता येतं, दोघांनीही लिहून द्यायचं की हे पैसे आम्ही दुसरीकडनं कर्ज काढून आणलेले नाहीत. पण नातेवाईक म्हणजे कोण याची यादी ठरलेली आहे: नवरा किंवा बायको, आई, वडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण, आणि एकत्र कुटुंबाच्या एचयूएफमधले सदस्य. मामा, काका, आत्या, मावसभाऊ, मेहुणा, जिगरी दोस्त, यातलं कोणी नाही. यांच्याकडून कंपनीने कर्ज घेतलं तर ती डिपॉझिट धरली जाते आणि त्याचे नियम कडक, दंड मोठा. गंमत म्हणजे इन्कम टॅक्समध्ये मामा नातेवाईक आहे, त्याने मला गिफ्ट दिलं तर त्यावर टॅक्स नाही. दोन कायदे, दोन याद्या.

आम्ही त्याच आठवड्यात ते ५ लाख मामाला परत पाठवले. मग तीन रस्ते होते. एक, मामाने मला गिफ्ट द्यायचं, साधी गिफ्ट डीड करून, आणि मी ते कंपनीत घालायचे, पण मग मामाचा त्यावर हक्क राहत नाही आणि मला ते पटेना. दोन, मामाने मला व्यक्तिशः उसने द्यायचे आणि मी त्यातनं कंपनीचे शेअर घ्यायचे, म्हणजे फेडायची जबाबदारी माझी एकटीची. तीन, मामाने स्वतः शेअर घ्यायचे. मामा म्हणाला तू चालवतेस ना, मग शेअरच दे.

शेअर देऊन पैसे घ्यायचे म्हणजे प्रायव्हेट प्लेसमेंट, आणि हा क्रम पाठ करा कारण पुढे एन्जल (स्वतःच्या खिशातनं स्टार्टअपमध्ये पैसे लावणारा) आला तरी हाच लागतो. रजिस्टर्ड व्हॅल्यूअरचा (कंपनीची किंमत काढणाऱ्याचा) रिपोर्ट, बोर्डाचा आणि शेअरहोल्डरांचा ठराव, त्या माणसाच्या नावाने ऑफर लेटर. पैसे बँकेतल्या वेगळ्या खात्यात, त्याच्या स्वतःच्या खात्यातनंच, कॅश अजिबात नाही. पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअर अलॉट करायचे, म्हणजे त्याच्या नावावर द्यायचे, अलॉटनंतर १५ दिवसांत ते सरकारला कळवणारा पीएएस-३ फॉर्म भरायचा, आणि तो भरेपर्यंत त्या पैशाला हात लावायचा नाही. ६० दिवसांत अलॉट झाले नाहीत तर पुढच्या १५ दिवसांत परत करायचे, नाहीतर १२ टक्के व्याज. खूप जण पैसे आले की त्याच दिवशी पगार करतात, आणि मग दोन वर्षांनी ड्यू डिलिजन्समध्ये, म्हणजे इन्व्हेस्टर पैसे देण्याआधी कागद तपासतो तेव्हा, हे निघतं.

एक चांगली गोष्ट झालीय, एन्जल टॅक्स गेला. जुलै २०२४ च्या बजेटमध्ये काढून टाकला, त्यामुळे शेअर प्रीमियमवर (दर्शनी किमतीपेक्षा जास्त भावाने) विकले म्हणून टॅक्सची नोटीस यायची जी टांगती तलवार होती ती आता नाही. व्हॅल्युएशन रिपोर्ट मात्र लागतोच.

आणि एक मनापासून सांगते. आईबाबांचा रिटायरमेंटचा फंड, पीएफ, बहिणीच्या लग्नाचं सोनं, भिशीची उचल, यातनं दर महिन्याचे पगार करू नका. एक वेळचा खर्च, जसं पहिला सर्व्हर, ट्रेडमार्क, ते ठीक. पगार दर महिन्याला येतो आणि भिशीची उचल एकदाच मिळते.

सरकारी योजना

पहिली पायरी डीपीआयआयटीची, म्हणजे केंद्र सरकारच्या उद्योग विभागाची, स्टार्टअप मान्यता. स्टार्टअप इंडिया जानेवारी २०१६ मध्ये सुरू झालं, मान्यता ऑनलाइन आणि फुकट मिळते, कंपनी दहा वर्षांच्या आतली असावी लागते. याने पैसे मिळत नाहीत, दारं उघडतात. सरकारी टेंडरमध्ये आधीचा अनुभव, टर्नओव्हर आणि अनामत रक्कम यात सवलत मिळू शकते, आणि खालची सीड फंडची योजना याच्याशिवाय होत नाही.

स्टार्टअप इंडिया सीड फंड ही २०२१ ची योजना, ९४५ कोटींची, मुळात चार वर्षांसाठी आणलेली, म्हणून अजून चालू आहे का ते आधी बघा. प्रूफ ऑफ कन्सेप्ट (आयडिया चालते हे दाखवणं) किंवा प्रोटोटाइपसाठी २० लाखांपर्यंत ग्रँट, म्हणजे परत न करायचे पैसे, तेही टप्प्याटप्प्याने, आणि बाजारात उतरायला किंवा वाढवायला ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा कन्व्हर्टिबल (पुढे शेअरमध्ये बदलणाऱ्या) स्वरूपात. पैसे सरकार थेट देत नाही, इन्क्युबेटर (नव्या कंपन्यांना हात देणारी संस्था) देतो. अट अशी की अर्ज करताना कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नको, भारतीय प्रमोटरांकडे किमान ५१ टक्के हवेत आणि आधी दुसऱ्या सरकारी योजनेतनं १० लाखांहून जास्त घेतलेले नकोत. एका वेळी तीन इन्क्युबेटर निवडता येतात. त्यामुळे अर्ज भरायच्या आधी त्या इन्क्युबेटरला फोन करा, सध्या अर्ज घेताय का, पैसे शिल्लक आहेत का, सॉफ्टवेअर बघता का. हे तीन प्रश्न विचारले तर वीस दिवसांचं फॉर्म भरणं वाचू शकतं.

आपल्या बाजूला बघायचं तर पवईला आयआयटी बॉम्बेचं साइन आहे, २००४ पासूनचं, विद्याविहारला सोमय्याचं रिडल, आणि आपल्याच ठाणे जिल्ह्यात भाईंदरच्या केशवसृष्टीत रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनीचं अटल इन्क्युबेशन सेंटर. प्रत्येकाचा आवडता विषय वेगळा, तो आधी बघा. राज्याची इनोव्हेशन सोसायटी महाराष्ट्र स्टार्टअप वीक घेते, त्यात २४ विजेत्यांना सुरुवातीच्या वर्षांत १५ लाखांपर्यंतची सरकारी वर्क ऑर्डर मिळायची. बक्षिसापेक्षा वर्क ऑर्डर चांगली, कारण सरकारी खातं गिऱ्हाईक म्हणून नावावर लागतं.

दोन गैरसमज. निधी-प्रयास या सरकारी योजनेचे १० लाख प्रत्यक्ष वस्तूच्या प्रोटोटाइपसाठी असतात, नुसत्या सॉफ्टवेअरला नाही. आणि सिडबीचा (छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी बँकेचा) १० हजार कोटींचा फंड ऑफ फंड्स स्टार्टअपला थेट पैसे देत नाही, तो व्हीसी फंडांना (व्हेंचर कॅपिटल, दुसऱ्यांचे पैसे जमवून स्टार्टअपमध्ये लावणारे) देतो, तुम्ही सिडबीकडे अर्ज घेऊन जाऊन उपयोग नाही.

बँक

थोडक्यात सांगते, नुसती आयडिया असताना बँक तुमच्यासाठी नाही. आमच्याकडे मशीन नाही, स्टॉक नाही, मॅनेजर विचारतात तारण काय. मुद्रा १० लाखांपर्यंत आहे, आधीचं तरुण गटातलं कर्ज फेडलेल्यांना आता २० लाखांपर्यंत. सीजीटीएमएसई म्हणजे बिनतारणी कर्जाला सरकारची हमी, पण ती हमी बँकेला असते, फेडायचं तुम्हालाच, आणि बँक रिटर्न, जीएसटी, खात्यातली उलाढाल बघतेच. पीएमईजीपी या सरकारी रोजगार योजनेत सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो आणि सबसिडी मिळते पण ती योजना व्यक्तीच्या नावावर आहे, तुमची प्रायव्हेट लिमिटेड त्यात बसत नाही, म्हणून कंपनी काढायच्या आधीच ठरवा. बिलं नियमित यायला लागली की ओव्हरड्राफ्ट घ्या, तेव्हा तो खरंच कामाचा. पतसंस्थेतनं जामीनदार देऊन पर्सनल लोन काढून कंपनीत घालणारे मी बघितलेत, हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होतो आणि सॉफ्टवेअर विकायला सहा महिने लागतात, आणि तोवर जामीनदार झालेला शेजारी जिन्यात भेटला तरी बोलत नाही.

एन्जल आणि आयसेफ

वापरणारी दहा-पंधरा गिऱ्हाइकं झाली, त्यातली काही पैसे देतायत, आणि जास्त माणसं घेतली तर वेग वाढेल हे दिसतंय, तेव्हा एन्जलकडे जा. इंडियन एन्जल नेटवर्क, मुंबई एन्जल्स हे जुने, दोन्ही २००६ चे. पण पहिला एन्जल बहुतेक वेळा ओळखीतला निघतो, तुमच्याच धंद्यात वीस वर्षं काढलेला माणूस. आमचा एक कारखानदारच आहे, महापेचा, त्याला चलन म्हणजे काय हे समजवावं लागलं नाही.

हिश्शाचं गणित हाताने करा. ५० लाख घेताय आणि आधीची किंमत साडेचार कोटी ठरली तर नंतरची ५ कोटी, त्याचा हिस्सा १० टक्के. तेच आधीची किंमत दीड कोटी ठरवलीत तर २५ टक्के गेले, आणि अजून दोन-तीन राउंड (पैसे उभे करायच्या फेऱ्या) बाकी आहेत. पहिल्या राउंडला १० ते १५ टक्क्यांच्या वर देऊ नका असं माझं मत आहे. नाहीतर पैसे कमी घ्या.

किंमत ठरत नसेल तर आयसेफ. मुंबईच्या १००एक्स.व्हीसीने आणलेला हा कागद, आता पैसे घ्यायचे आणि शेअरचा भाव पुढच्या राउंडला ठरवायचा, वर कॅप (कंपनीची किंमत जास्तीत जास्त किती धरायची) किंवा डिस्काउंट (त्या भावात सूट). समजा २५ लाखांची आयसेफ ४ कोटी कॅपची आहे आणि पुढचा राउंड ८ कोटीला झाला, तर त्याला भाव ४ कोटीचाच लागतो, म्हणजे साधारण ३ टक्क्यांऐवजी ६ टक्के. अशा चार-पाच आयसेफ सही करत गेलं की एक दिवस बेरीज केल्यावर पोटात गोळा येतो, म्हणून प्रत्येक सहीआधी एक्सेलमध्ये सगळ्या आयसेफ शेअरमध्ये बदलून बघा. आणि कायद्याने ही कम्पल्सरी कन्व्हर्टिबल प्रेफरन्स शेअरच असते, म्हणजे पुढे साध्या शेअरमध्ये बदलावीच लागणारी, त्यामुळे मामाच्या वेळचा तो ६० दिवसांचा आणि पीएएस-३ चा सगळा क्रम इथेही लागतो. कन्व्हर्टिबल नोट, म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलू शकणारं कर्ज, हा दुसरा प्रकार, त्याला डीपीआयआयटी मान्यता लागते आणि एका माणसाचे एका हप्त्यात किमान २५ लाख.

टर्म शीटमध्ये, म्हणजे इन्व्हेस्टरच्या मुख्य अटींच्या कागदात, मी चार गोष्टी बघते. लिक्विडेशन प्रेफरन्स (कंपनी विकली किंवा बंद झाली तर त्याला आधी किती मिळणार) एकपट असावा आणि नॉन-पार्टिसिपेटिंग, म्हणजे ते घेतल्यावर उरलेल्यात परत वाटा नाही. फाउंडर व्हेस्टिंग (आपलेच शेअर हळूहळू आपल्या हक्काचे होणं) चार वर्षं आणि पहिल्या वर्षाचा क्लिफ (वर्षाच्या आत सोडलं तर काहीच नाही) हे चालतं, आणि पार्टनरशी हे इन्व्हेस्टर यायच्या आधीच करा. कुठल्या निर्णयाला त्याची परवानगी लागणार ती यादी एका पानात मावावी. आणि पर्सनल गॅरंटी मागितली तर उठा, ती इक्विटी राहत नाही.

फंडिंग मिळवून देतो म्हणून आधी फी मागणाऱ्यांपासून लांब राहा. आमच्याकडे एकाने ७५ हजार मागितले होते, डेक आणि इन्व्हेस्टर मीटिंगसाठी, मीटिंग एकही झाली नाही. आम्ही अर्धेच दिले होते, ते गेले.

व्हीसीबद्दल एवढंच, त्यांना शंभरपट वाढणारी कंपनी हवी असते. तुमची वर्षाला दुप्पट होऊन छान चालणारी असेल तर ती चांगली कंपनी आहे, फक्त व्हीसीसाठी नाही. अमेरिकेतलं वाय कॉम्बिनेटर, नव्या स्टार्टअपला पैसे देऊन घडवणारं, १ लाख २५ हजार डॉलरला ७ टक्के घेतं आणि वर ३ लाख ७५ हजार डॉलरची सेफ (आयसेफसारखाच कागद) देतं, अर्ज जरूर करा, फॉर्मचे प्रश्न इतके नेमके आहेत की भरतानाच आपलं काय कच्चं आहे ते कळतं.

परदेशातल्या भावाचे पैसे

ठाणे, नवी मुंबईत घराघरात कोणी ना कोणी अमेरिकेत नाहीतर दुबईत आहे आणि तो म्हणतो पाठवतो की मी दहा लाख. त्याला थांबवा आणि आधी विचारा पैसे कुठल्या खात्यातनं येणार. एनआरआय असेल आणि नॉन-रिपॅट्रिएशन बेसिसवर (परत बाहेर न नेण्याच्या अटीवर) त्याच्या एनआरई किंवा एनआरओ खात्यातनं दिले तर ती देशी गुंतवणूक धरतात आणि काम सोपं होतं, पण मग ती रक्कम सहज परत बाहेर नेता येत नाही हे त्याला आधी स्पष्ट सांगा. परत नेता येण्याच्या बेसिसवर दिले तर परदेशी गुंतवणूक, सॉफ्टवेअरला परवानगी लागत नाही पण शेअर अलॉट केल्यापासून ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेकडे एफसी-जीपीआर हा फॉर्म भरावा लागतो, त्याला व्हॅल्युएशनचं सर्टिफिकेट आणि पैसे आल्याचे बँकेचे कागद लागतात. बँकेला हे कागद द्यायला वेळ लागतो, आमच्या वेळी सतरा दिवस लागले. त्यामुळे भावाने पैसे पाठवायच्या आधीच ब्रँचमध्ये जाऊन फॉरेक्स डेस्कवर कोण बसतं ते बघून या आणि काय काय लागेल ते त्यांच्याकडून लिहून घ्या.